परगावाहून लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी प्रवासपत्रक कसे तयार करावे

लग्नपत्रिकेवर तारीख, वेळ आणि ठिकाण छापलेले असते आणि गावातल्या माणसाला तेवढे पुरते. परगावाहून येणाऱ्या पाहुण्याचे तेवढ्यावर भागत नाही. पहाटे स्थानकावर उतरलेल्या, एका हातात बॅग आणि खांद्यावर झोपलेले मूल घेतलेल्या माणसाला कोणत्या दाराने बाहेर पडायचे, गाडी कुठे उभी असते, पोहोचायला किती वेळ लागेल, इतक्या लवकर खोली उघडून मिळेल का आणि वाट चुकलीच तर फोन कुणाला करायचा, हे आधी कळायला हवे असते. या प्रश्नांची उत्तरे ज्या कागदावर क्रमाने लिहिलेली असतात, त्याला या लेखात प्रवासपत्रक म्हटले आहे. पाहुण्यांची ने-आण पाहण्याची जबाबदारी ज्यांच्यावर प्रथमच आली आहे, त्यांनी हे पत्रक कसे तयार करावे आणि लग्नाच्या दिवसांत ते कसे राबवावे, हे पुढे टप्प्याटप्प्याने सांगितले आहे.

याचे महत्त्व मला एका चुकीतून कळले. घरातल्या एका लग्नात मी सर्वांना फोनवरून लग्नस्थळाचे लोकेशन पाठवले होते. नकाशावरची खूण त्या आवाराच्या मधोमध पडली होती. नकाशाचे अ‍ॅप बहुतेक वेळा गाडीला खुणेच्या सर्वांत जवळच्या रस्त्यावर आणून सोडते, आणि तो रस्ता नेमका मागच्या अंगाची गल्ली होती. आमची मावशी टॅक्सीतून तिथे उतरली आणि टॅक्सी निघून गेली. समोर कुलूप लावलेले लोखंडी फाटक होते, भिंतीपलीकडून वाद्यांचा आवाज येत होता आणि माझा फोन गर्दीत मला ऐकू येत नव्हता. वीस-पंचवीस मिनिटांनी कुणीतरी तिला पुढच्या दाराने आत आणले. ती मला एका शब्दानेही बोलली नाही, पण तिच्या चपलांना लागलेला त्या गल्लीतला चिखल मी पाहिला. मी पाठवलेली माहिती तशी चुकीची नव्हती. मात्र ती आवाराची माहिती होती, दाराची नव्हती. तेव्हापासून मी असे पत्रक यजमानाच्या खुर्चीत बसून लिहीत नाही, पाहुण्याच्या पावलांनी चालून लिहितो.

पहिला टप्पा: कोण, कुठून, केव्हा

सर्वप्रथम एक वही किंवा संगणकावरचा तक्ता करावा आणि प्रत्येक कुटुंबासाठी एक ओळ ठेवावी. कुटुंबात किती माणसे आहेत, त्यांत लहान मुले आणि वयस्कर किती, ते कोणत्या स्थानकावर, थांब्यावर किंवा विमानतळावर उतरणार, कोणत्या तारखेला किती वाजता, स्वतःची गाडी आणणार का, सामान किती आणि परत केव्हा निघणार, एवढे रकाने पुरेसे आहेत. परतीचा रकाना सुरुवातीलाच भरून घ्यावा. तो पुढे भरू असे म्हटले, की लग्नानंतरच्या सकाळी सगळे थकलेले असताना चार कुटुंबे चार वेगवेगळ्या वेळांना निघायला उभी राहतात आणि गाडी एकच असते.

ही माहिती तरुणांकडून संदेशाने मागवता येते. वयस्करांना मात्र फोनच करावा. गुडघ्याचा त्रास, जिना चढता न येणे, रात्री कमी दिसणे किंवा ऐकू कमी येणे या गोष्टी कुणी संदेशात लिहीत नाही, पण बोलता बोलता सांगतात. त्यासाठी "जिना चढायला काही अडचण?" असे थेट विचारण्यापेक्षा "तुमच्यासाठी खालची खोली ठेवू की वरची?" असे विचारावे, म्हणजे उत्तर देणाऱ्याला संकोच वाटत नाही.

तारीख आणि वेळ लिहून घेताना विशेष काळजी घ्यावी. मध्यरात्रीनंतरच्या गाड्या आणि विमाने हमखास घोटाळा करतात. शनिवारी ००:३० वाजता उतरणारे विमान बोलीभाषेत "शुक्रवारी रात्रीचे" असते, आणि यजमान शनिवारी रात्री घ्यायला जातो तेव्हा पाहुणा येऊन जवळजवळ चोवीस तास झालेले असतात. त्यामुळे अशा नोंदीपुढे "शुक्रवार संपून शनिवार सुरू होतो ती रात्र" असे पूर्ण वाक्य लिहावे. तारखेत महिना आकड्याने न लिहिता नावाने लिहावा, कारण ०३/०४ हा आकडा काही देशांत ३ एप्रिल असा वाचला जातो, तर काही देशांत ४ मार्च असा. परदेशातून येणाऱ्यांना सर्व वेळा लग्नाच्या गावातल्या घड्याळाप्रमाणे आहेत, असे स्पष्ट सांगावे. काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळ तासभर पुढे-मागे केले जाते. तो बदल लग्नाच्या आसपास येत असेल, तर आगमनाची वेळ पुन्हा एकदा विचारून घ्यावी.

दुसरा टप्पा: रस्ता स्वतः पाहणे

आपल्याला आपल्या गावातले रस्ते इतके सवयीचे असतात की ते आपण पाहतच नाही. म्हणून लग्नापूर्वी किमान एकदा, शक्यतो आठवड्याच्या त्याच वारी आणि त्याच वेळेला, स्थानकापासून मुक्कामाच्या ठिकाणापर्यंत आणि तिथून लग्नस्थळापर्यंत स्वतः जावे. रविवारी सकाळी १५ मिनिटांत संपणारा रस्ता कामाच्या दिवशी संध्याकाळी ४५ मिनिटे घेऊ शकतो. पत्रकात अंतर किलोमीटरमध्ये लिहिले तरी चालेल, पण त्यापुढे वेळ लिहिणे अनिवार्य समजावे, आणि तीही दोन प्रकारे लिहावी: रस्ता मोकळा असताना लागणारी आणि गर्दीच्या वेळी लागणारी. पाहुण्याने निघण्याची वेळ ठरवताना दुसरी धरावी, हेही तिथेच नमूद करावे.

हा फेरफटका मारताना बरोबर एक बॅग घ्यावी. सामान हातात असले, की स्थानकातला जिना, फुटलेला पदपथ आणि रस्ता ओलांडण्याची अवघड जागा आपोआप लक्षात येते. मोकळ्या हाताने चालणारा माणूस ४०० मीटर पाच-सहा मिनिटांत चालतो. दोन बॅगा आणि एक लहान मूल घेऊन त्याच अंतराला सहज दहा मिनिटे लागतात. "जवळच आहे, चालत या" हे वाक्य पत्रकात येण्यापूर्वी त्याची अशी परीक्षा झालेली असावी. स्थानकाला एकाहून अधिक दारे असतील तर कोणत्या दाराने बाहेर पडावे, बाहेर पडल्यावर उजवीकडे वळावे की डावीकडे आणि गाड्या नेमक्या कुठे उभ्या असतात, हे तिथे उभे राहूनच टिपून घ्यावे. पाहुण्यांसाठी मोठी बस ठरवली असेल, तर लग्नस्थळाशी तिला वळायला जागा आहे का, हे पाहावे. १२ मीटर लांबीच्या बसला एका दमात पूर्ण वळण्यासाठी साधारण २० ते २५ मीटर रुंदीची मोकळी जागा लागते. तेवढी जागा नसेल तर उतरण्याचे ठिकाण आधीच्या चौकात ठरवून तसे कळवावे, म्हणजे ऐन वेळी रस्त्यात बस अडकून खोळंबा होत नाही.

तिसरा टप्पा: पत्ता, खूण आणि लोकेशन

लोकेशन पाठवताना नकाशावरची खूण आवारावर नको, प्रवेशदारासमोरच्या रस्त्यावर ठेवावी. हे सर्वांत खात्रीने करण्याचा मार्ग म्हणजे त्या दारात स्वतः उभे राहून तिथून लोकेशन पाठवणे. साध्या मोबाइलमधला जीपीएस मोकळ्या आकाशाखाली सुमारे पाच मीटरपर्यंत अचूक असतो; उंच इमारतींमध्ये उपग्रहांचे संदेश भिंतींवरून परावर्तित होऊन येतात आणि खूण शेजारच्या रस्त्यावर सरकते. म्हणून पाठवण्यापूर्वी नकाशा मोठा करून खूण योग्य जागी पडली आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. अक्षांश-रेखांश आकड्यांत द्यायचे असतील तर दशांश चिन्हापुढे पाच आकडे द्यावेत. पाच आकड्यांनी जागा साधारण एक मीटरपर्यंत ठरते. तीनच आकडे दिले तर फरक १०० मीटरच्या वर जाऊ शकतो. अक्षांश आधी आणि रेखांश नंतर, हा क्रम उलटा झाला तर खूण भलत्याच ठिकाणी जाऊन पडते.

यानंतरची चाचणी सोपी आहे आणि ती कधीही टाळू नये: त्या ठिकाणी पूर्वी कधीही न गेलेल्या एखाद्या माणसाला फक्त ते लोकेशन पाठवावे आणि फोन न करता तिथे यायला सांगावे. तो जिथे थबकेल, तिथे पत्रकात एक वाक्य वाढवावे.

लोकेशनबरोबर लिखित पत्ताही द्यावाच. फोनची बॅटरी संपते, नेट मिळत नाही आणि काही चालक नकाशापेक्षा तोंडी पत्त्यावर अधिक विसंबतात. पत्ता स्थानिक लिपीत, मोठ्या अक्षरांत, स्वतंत्र चौकटीत असावा, म्हणजे ती भाषा न येणारा पाहुणाही कागद चालकाला दाखवू शकेल. खुणेची जागा निवडताना ती रात्री दिसते का, हे पाहावे. दिवसा ठळक दिसणारी रंगीत भिंत किंवा बंद होणारे दुकान रात्री दहा वाजता उपयोगाचे नसते. दिवा असलेली, उंच आणि गावातल्या कुणालाही विचारता येईल अशी खूण उपयोगाची असते. मुक्कामाच्या ठिकाणाचे नाव गावात दोन ठिकाणी असेल, तर तेही लिहावे, कारण चुकामूक बहुधा तिथेच होते.

छापील पत्रिकेवर क्यूआर कोड देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. हा कोड १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. त्याची रचना अशी असते, की दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी निवडली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. घडी पडणाऱ्या किंवा खिशात चुरगळणाऱ्या कागदासाठी म्हणूनच वरची पातळी निवडावी. कोड किमान दोन सेंटिमीटर रुंद असावा. भिंतीवर फलक लावायचा असेल तर तो जितक्या अंतरावरून वाचायचा, त्याच्या साधारण एक दशांश रुंदीचा करावा. कोडमध्ये नकाशाचा दुवा थेट भरावा. काही मोफत सेवा मधला दुवा देतात आणि मुदत संपली की तो बंद पडतो. तोपर्यंत पत्रिका छापून वाटल्या गेलेल्या असतात.

चौथा टप्पा: मुक्काम

राहण्याची जागा निवडताना तिच्या सोयींइतकेच लग्नस्थळापासूनचे अंतर महत्त्वाचे मानावे. माझे मत असे आहे, की पाहुणे पाच ठिकाणी विखुरण्यापेक्षा दोन ठिकाणी थोडे दाटीने राहिलेले बरे, कारण गाड्यांची व्यवस्था दोन ठिकाणांहून नीट होते, पाचांहून होत नाही. खोल्या बहुधा दुपारी ताब्यात मिळतात, पाहुणे मात्र पहाटे येतात. अशा वेळी सामान ठेवता येईल का, हे आधी विचारून घ्यावे आणि शक्य असल्यास एक-दोन खोल्या आदल्या रात्रीपासूनच घेऊन ठेवाव्यात; प्रवासाने शिणलेल्या माणसाला आंघोळ करून पाठ टेकता आली, की त्याचा पुढचा दिवस सुखाचा जातो.

पाचवा टप्पा: गाड्यांचे गणित

गाड्या ठरवताना बहुतेक यजमान माणसे मोजतात आणि आसने मोजतात. वेळ कुणी मोजत नाही. एक उदाहरण घेऊन हे पाहू. ९० पाहुणे एका ठिकाणी उतरले आहेत, लग्नस्थळ २० मिनिटांवर आहे आणि ३० आसनांची एक बस आहे. तीन फेऱ्यांत काम होईल, असे वाटते. आता वेळ मांडू: बसमध्ये चढायला १० मिनिटे, जायला २०, उतरायला ५ आणि रिकामी परत यायला २०, म्हणजे एका फेरीला ५५ मिनिटे. तिसऱ्या फेरीची माणसे बसमध्ये चढू लागतात तेव्हा पहिली फेरी सुरू होऊन ११० मिनिटे झालेली असतात, आणि ती उतरेपर्यंत १४५ मिनिटे होतात. म्हणजे पहिल्या फेरीची माणसे पावणेदोन तासांहून अधिक काळ लवकर पोहोचून ताटकळतात, किंवा शेवटच्या फेरीची माणसे उशिरा पोहोचतात. दोन बस घेतल्या तर हेच काम ९० मिनिटांत होते आणि तीन घेतल्या तर ३५ मिनिटांत. किती गाड्या घ्यायच्या हे ज्याने त्याने आपल्या ऐपतीनुसार ठरवावे, पण हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय ठरवू नये. एकच बस शक्य असेल, तर पहिल्या फेरीत घरची आणि मदतीची माणसे पाठवावीत, वयस्कर आणि लहान मुले असलेल्यांना शेवटच्या फेरीत बसवावे, आणि त्यांच्या पोहोचण्याच्या वेळेवरून मागे मोजत पहिली फेरी सोडावी.

छोट्या गाड्यांची आसने सामानासह मोजावीत. सात आसनांच्या गाडीत मोठ्या बॅगा ठेवायच्या तर मागची रांग दुमडावी लागते आणि ती चार-पाच जणांची गाडी होते. स्थानकावरून आणताना हा फरक धरावा. लग्नस्थळी नेताना सामान नसते, तेव्हा धरला नाही तरी चालतो.

जाताना सगळे एकदम जातात, परत येताना मात्र विखरून येतात. लहान मुले असलेली कुटुंबे लवकर निघतात, वयस्करांना मध्येच थकवा येतो आणि तरुण मंडळी शेवटपर्यंत थांबतात. त्यामुळे परतीसाठी एका मोठ्या बसपेक्षा दोन लहान गाड्या सतत ये-जा करत ठेवणे अधिक उपयोगी पडते. पहिली परतीची गाडी किती वाजता आणि शेवटची किती वाजता, हे पत्रकात ठळक लिहावे. शेवटची सुटल्यानंतर काय करावे, हेही लिहावे.

गाडी सुटण्याची वेळ खरी सांगावी. लोक उशीर करतात म्हणून पाच वाजताच्या गाडीसाठी साडेचार सांगण्याची अनेकांना सवय असते. मला ती मान्य नाही. जे वेळेवर येतात त्यांना अर्धा तास उभे राहावे लागते आणि दुसऱ्या दिवशी तेही उशिरा येऊ लागतात. खरी वेळ सांगावी, दहा मिनिटे वाट पाहू असे सांगावे आणि त्यानंतर गाडी सोडावी. मागे राहिलेल्यांना पुढची गाडी किंवा टॅक्सी कशी मिळेल, हे पत्रकात असतेच.

चालकांकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. त्यांना वेळापत्रकाची प्रत, दोन्ही ठिकाणांचे लोकेशन आणि संपर्काचे दोन क्रमांक द्यावेत, त्यांच्या जेवणाची आणि विश्रांतीची वेळ वेळापत्रकातच लिहावी. रात्री उशिरा परतीची गाडी चालवणारा माणूस सकाळपासून राबलेला नसावा. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सलग १७ तास जागे राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या व्यक्तींइतकी घसरलेली आढळली होती. हेच घरच्या माणसांनाही लागू आहे: पहाटेपासून धावपळ करणाऱ्या भावाने मध्यरात्री पाहुण्यांना पोहोचवायला गाडी काढू नये, तो कितीही आग्रहाने निघाला तरी त्याला थांबवावे.

सहावा टप्पा: ज्यांना अधिक काळजी हवी

लग्नस्थळाच्या पायऱ्या मोजून पत्रकात लिहाव्यात. "थोड्या पायऱ्या आहेत" यातून काहीच कळत नाही; "दारात चार पायऱ्या, डाव्या बाजूला कठडा" यातून माणूस ठरवू शकतो. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा असेल तर एक सेंटिमीटर उंचीला किमान बारा सेंटिमीटर लांबी असे प्रमाण ठेवतात, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी सुमारे १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. फळकूट टाकून केलेला आखूड, उभा उतार पडण्याचे निमित्त ठरतो. वयस्करांची गाडी थेट दाराशी येऊ द्यावी आणि स्वच्छतागृह कोणत्या बाजूला आहे, हे त्यांना उतरतानाच सांगावे.

वळणावळणांचा घाट असेल तर गाडी लागणाऱ्यांना पुढच्या आसनावर बसवावे. लग्नस्थळ समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० मीटरहून उंच असेल, तर सखल भागातून थेट आलेल्यांना डोकेदुखी, मळमळ आणि झोप न येणे असा त्रास होऊ शकतो. अशा पाहुण्यांना एक दिवस आधी येण्यास सुचवावे, पहिल्या दिवशी चढ-उतार टाळण्यास सांगावे आणि ज्यांना हृदयाचा किंवा श्वासाचा विकार आहे त्यांना निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेण्याची आठवण करावी. जवळचे रात्रभर उघडे असणारे रुग्णालय आणि औषधाचे दुकान यांचे पत्ते पत्रकात असावेत, मात्र ते खरोखर रात्रभर उघडे असते याची खात्री करून घेतलेली असावी.

सातवा टप्पा: मोकळ्या वेळात काय पाहावे

परगावाहून येणारे अनेक जण त्या गावात पहिल्यांदाच, आणि कदाचित शेवटचेच, येत असतात. त्यांना गाव दाखवावे असे यजमानाला वाटते, आणि म्हणून पंधरा-वीस ठिकाणांची यादी पत्रकात येते. त्या यादीचा पाहुण्याला उपयोग होत नाही, कारण त्याच्याकडे तीन तास असतात आणि त्यांत काय बसते हे त्याला ठाऊक नसते. म्हणून ठिकाणांपासून सुरुवात न करता मोकळ्या वेळांपासून करावी. दोन कार्यक्रमांच्या मधले तीन तास, दुसऱ्या दिवशीची सकाळ, परतीच्या गाडीपूर्वीची दुपार असे तुकडे आधी मांडावेत आणि प्रत्येकापुढे एक किंवा दोन ठिकाणे लिहावीत. तीन तासांच्या तुकड्यात जाण्या-येण्याचा वेळ मिळून एका तासाच्या वर जाऊ नये. उरलेल्यातला अर्धा तास परत येऊन कपडे बदलण्यासाठी हातचा राखावा.

निवडलेल्या प्रत्येक ठिकाणी लग्नाच्या आधीच्या महिनाभरात स्वतः जाऊन यावे, निदान फोन करून विचारावे. अनेक संग्रहालये आठवड्यातून एक दिवस बंद असतात, बऱ्याच ठिकाणी शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या वेळेपूर्वी अर्धा-एक तास थांबतो, आणि प्रार्थनास्थळांमध्ये पोशाखाचे किंवा छायाचित्रणाचे नियम असतात. समुद्रकिनारा सुचवताना भरती-ओहोटीच्या वेळा त्या दिवसाच्याच द्याव्यात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारी ओसाड मोकळी असलेली वाळू या रविवारी त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. परतीच्या दिवशीच्या ठिकाणी सामान ठेवण्याची सोय आहे का, हे पाहावे, कारण बॅगा घेऊन कुणी हिंडत नाही. पाऊस आला तर काय, याचा एक पर्याय छपराखालचा असावा.

आणि एका ठिकाणाची निवड प्रसिद्धी बाजूला ठेवून करावी. एका पत्रकात मी नदीकाठच्या लहानशा बागेविषयी एवढेच लिहिले होते: "नवरदेव या बागेत सायकल चालवायला शिकला. लोखंडी पुलाजवळच्या बाकावर सकाळी ऊन छान येते. मुक्कामापासून चालत सात मिनिटे." त्या सकाळी नवरीकडची दोन वयस्कर माणसे त्या बाकावर बराच वेळ बसून आली आणि परतल्यावर त्यांनी नवरदेवाला तो कुठे पडला होता, हे विचारले. जिथे त्यांची मुलगी नांदायला येणार होती, त्या गावाशी त्यांची ओळख तिथून सुरू झाली.

आठवा टप्पा: पत्रक लिहिणे आणि पाठवणे

पत्रक दोन पानांपेक्षा मोठे नसावे आणि त्याचा क्रम पाहुण्याच्या दिवसाचा असावा: उतरल्यावर, मुक्कामी, लग्नस्थळी जाताना, परतताना, मोकळ्या वेळात, निघताना. ते चित्र म्हणून पाठवले तर नेट नसतानाही उघडते, पण त्यातला फोन क्रमांक दाबून लावता येत नाही. म्हणून चित्राबरोबर क्रमांक आणि लोकेशनचे दुवे साध्या मजकुरातही पाठवावेत. वयस्करांना मोठ्या अक्षरांतली छापील प्रत द्यावी. नेट मिळण्याची खात्री नसेल तर त्या भागाचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घेण्यास सुचवावे.

संपर्कासाठी दोन माणसे नेमावीत आणि त्या दोघांपैकी कुणीही प्रत्यक्ष लग्नविधीत गुंतलेले नसावे. नवऱ्या मुलाच्या वडिलांचा क्रमांक देणे हा माझ्या पाहण्यातला सर्वांत सार्वत्रिक दोष आहे. ज्या क्षणी पाहुणा अडतो, त्याच क्षणी ते फोन उचलू शकत नाहीत. नेमलेल्या माणसांचा फोन दिवसभर चार्ज केलेला आणि कंप पावणारा असावा. हे क्रमांक फक्त पाहुण्यांना पाठवावेत, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी टाकू नयेत.

मुक्कामाची आणि गावात पोहोचण्याच्या मार्गांची माहिती दीड-दोन महिने आधी द्यावी, कारण तिकिटे तेव्हा काढली जातात. पूर्ण पत्रक आठ-दहा दिवस आधी पाठवावे आणि त्यावर तारीख घालावी. पुढे काही बदलले तर नव्या प्रतीवर "सुधारित" असे लिहून काय बदलले ते पहिल्या ओळीत सांगावे, नाहीतर अर्धे पाहुणे जुन्या वेळेला खाली येऊन उभे राहतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान, बरोबर काय घ्यावे आणि घ्यायला कोण येणार, असा तीन ओळींचा संदेश पुरतो.

नववा टप्पा: प्रत्यक्ष दिवसांत

घ्यायला जाणाऱ्या माणसाने दोन्ही कुटुंबांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिलेला फलक बरोबर न्यावा आणि पत्रकात लिहिलेल्या दारापाशीच उभे राहावे. पाहुणा लवकर दिसावा म्हणून पुढे आत गेलेला माणूस आणि फलक शोधत बाहेर आलेला पाहुणा एकमेकांना हमखास चुकवतात. गाडीला उशीर झाला असेल तर तो अधूनमधून पाहत राहावा आणि बदललेली वेळ चालकाला कळवावी. पाहुणा मुक्कामी पोहोचला की तक्त्यात खूण करावी. शेवटच्या परतीच्या गाडीपूर्वी हा तक्ता हातात घेऊन प्रत्येक नावापुढे कुणी मागे तर राहिले नाही ना, हे पाहावे.

लग्न पार पडल्यावर घरातल्यांना झोप हवी असते आणि पाहुण्यांना गाडी गाठायची असते. परतीच्या गाड्यांचे काम म्हणून अशा एकाकडे सोपवावे, जो आदल्या रात्री लवकर झोपला आहे. निघताना प्रत्येक खोलीतल्या उशीखाली, खिडकीच्या कठड्यावर आणि विजेच्या बटणांपाशी एकदा पाहण्यास सांगावे. चष्मे, औषधांच्या डब्या आणि चार्जर तिथेच राहतात. तक्त्यात शेवटचा एक रकाना "घरी पोहोचले" असा ठेवावा. तो पाहुण्याच्या फोनवरून किंवा संदेशावरून भरावा, आणि ज्यांचा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत निरोप आला नाही त्यांना आपण होऊन फोन करावा.